डावा हात

जुन्या बाजारात तो काट्यावर होता,
साडेअकरा किलो, शेजारी मिक्सरची दोन भांडी.
बाजूचा पत्रा मी बोटानं पुसला
आणि खालून पांढऱ्या रंगात आमचा नंबर निघाला:
टेस्ट-७.
भोसरीची ती कंपनी बंद पडून सोळा वर्षं झाली.
भंगारवाला म्हणाला, मावशी, टीव्ही आहे, जरा लहान आहे.
म्हटलं, हो.

वारज्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत
रिक्षावाल्यानंच उचलून आणला
आणि वरचे वीस रुपये घेतले नाहीत.

बटण दाबलं. दिवा लागला. पडदा काळा.
आणि ट्रान्सफॉर्मरचा तो घोगरा सूर,
पोटात कळ आलेला माणूस
चारचौघांत ओठ मिटून काढतो तसा.
लगेच बंद केला.

आत धूळ, जळमटं,
पालीचं एक अंडं, फुटलेलं,
म्हणजे इथून कुणीतरी जिवंत बाहेर पडलं होतं.
मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं,
बुडाशी तपकिरी चिकटा, वास सुक्या मासळीचा.

मुजावर सरांचा नियम होता:
आत दोन हजार व्होल्ट आहेत, एक हात खिशात.
पोरं हसत खिशात हात घालायची.
एकोणऐंशी साल. त्या खात्यात मी पहिलीच बाई,
आणि साडीला खिसा नसतो.
सर जरा गप्प झाले, मग म्हणाले,
डावा हात पाठीमागे न्या, बाई, आणि स्वतःची वेणी धरा.
एकतीस वर्षं तसंच काम केलं मी,
वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखं,
वेणी धरून.
आता केस खांद्याच्या वरच संपतात.
गाऊनला मात्र खिसा आहे.

तपकीर गल्लीतला मुलगा म्हणाला,
चाळीस व्होल्टचा नाही, त्रेसष्टचा चालेल?
चालेल रे. वरचा कधीही चालतो.
जुना फुलपात्राएवढा होता,
हा माझ्या अंगठ्याएवढा. पाय पुरेनात.
तांब्याची तार जोडून बसवला,
तर मोठ्या पाटावरच्या बटूसारखा दिसायला लागला,
सगळे बघतायत आणि याला काही कळत नाहीये.
सोल्डर दोनदा बाजूला सांडलं.
हात कापतो माझा, त्याला व्होल्टेज लागत नाही.

मग सिरीजचा दिवा, साठ वॅटचा.
आता मिळत नाहीत. शेवटचे दोन
मी तुरीच्या डाळीच्या डब्यात जपलेत.
हा पूर्ण पेटून राहिला, तर समजायचं, घात आहे.
भपकन पेटला.
खिशातली मूठ मी आवळली.
मग तो उतरत गेला, उतरतच गेला,
तारेत नुसता लाल केस राहिला.
मंदावला की जीव भांड्यात पडावा
असा हा एकच दिवा मला ठाऊक आहे.

दिवा काढून थेट जोडला.
पाऊण मिनिट काही नाही.
मग हिरवी रेघ. तिरकी, डावीकडे जराशी खाली.
भोसरीत याचं तोंड उत्तरेला होतं,
इथे टेबल बाल्कनीच्या अंगानं, पश्चिमेला.
पृथ्वी ओढते तिला, बाकी काही बिघाड नाही.
एक स्क्रू असतो, पाव फेरा दिला की सरळ होते.
दिला नाही.
प्रोबच्या टोकाला बोट लावलं
आणि लाटा उठल्या, सेकंदाला पन्नास:
भिंतीतल्या तारा, खालची पिठाची गिरणी,
समोरच्या लिफ्टची मोटर,
सगळ्या वारज्याची वीज माझ्या अंगावरून.
बोट काढलं. रेघ निजली.
पुन्हा लावलं.

रात्री झाकण बसवताना आतल्या बाजूला दिसलं,
पेन्सिलीनं, तिरप्या अक्षरात:
१४.३.८८. फिल्टर बदलला. मु.
खाली जागा होती.
तारीख घालायला लागले, तर पत्रा सारखा सरकायचा,
आकडे वाकडे यायचे.
प्लग केव्हाच काढून ठेवला होता,
तरी तो धरायला
डावा हात खिशातून निघेना.